अर्धा डराव

माझं काम जोडे सांभाळायचं.
पार्नूच्या जुन्या लिनन-गिरणीत, जिथे माझी आई
सत्तावीस वर्षं तुटलेल्या सुताला गाठ मारत होती,
तिथे आता एक दलदल आणून ठेवली आहे.
मारिका नावाची मुलगी, नखं कायम काळी,
तिने ट्रक भरून शेवाळ आणलं, पाणी आणलं,
छताला चौदा स्पीकर टांगले
आणि दारावर पाटी लावली: अनवाणी या. बोलू नका.

बोलू नका म्हटलं की माणसं खोकतात.
हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

बिल्ला देते, जोडे घेते, फळीवर लावते.
चेहरा खोटं बोलेल, टाच नाही बोलत:
बँकेतल्या लेम्बीची डावी आतून झिजलेली,
जर्मन जोडप्याचे बूट कोरे करकरीत,
एंडेलचे रबरी, गुडघ्यापर्यंत, चिकटपट्टी लावलेले.
बाहेर येतात तेव्हा काहींचे डोळे ओले असतात,
बिल्ला परत देताना आवाज खाली गेलेला असतो.
मी मनात म्हणते, बसने चाळीस मिनिटांवर
खरी दलदल आहे, बाई. फुकट आहे. वर डास देते.

नोव्हेंबरचा गुरुवार, चारलाच काळोख.
आत एकोणीस माणसं. वीज गेली.

पंखे थांबले. स्पीकरमधला बेडूक थांबला,
अर्ध्या डरावात.
मारिका तालिनला. टॉर्च माझ्याकडे.
नियम असा की लोकांना बाहेर काढायचं.
मी मोजे काढले.

थंड. आधी नुसतंच थंड.
मग पायाखालचं शेवाळ दबलं, आणि माझं वजन
कुणीतरी हातात तोलून पाहावं
तसं परत वर दिलं.
"चला," मी म्हटलं. "बाहेर चला."
कुणी उठलं नाही.
टॉर्च फिरवला: उताणी, पालथी, कुशीवर,
गवत कापून आलेली घरची माणसं पडावीत तशी,
अंगाला अंग लागतंय याची फिकीर नाही.
"दिवा बंद कर, व्हिर्वे."
हा एंडेल. बत्तीस वर्षं पीट कापलेला,
ज्याच्या यंत्राने नजर पोचेल तिथवर दलदल सुकवली.
रोज येतो. पेन्शनरांची सवलत नको म्हणतो,
पूर्ण तिकीट काढतो.

मी दिवा बंद केला.

श्वास. एकोणीस की वीस. मोजणं माझं काम,
पण त्यातला माझा कोणता, ते वेगळं काढता येईना.
आणि त्याच्याही खाली, खरंच सांगते,
शेवाळातून पाणी निथळत होतं.
टप.
बराच वेळ काही नाही.
टप.
स्पीकरांना हे जमलं नव्हतं, किंवा
त्यांनीच झाकून ठेवलं होतं.
"अजून आहेस होय," एंडेल म्हणाला,
कुणा माणसाला नव्हे.
कुणाच्या तरी ओल्या हाताने माझं मनगट धरलं,
झोपेतलं मूल धरतं तसं,
काही मागणं नव्हतं त्यात.

देव आला होता असं मी म्हणणार नाही.
आईच्या काळी या गिरणीत त्याचं नाव घ्यायची चोरी होती,
मला ती सवयच लागली नाही.
पण गाठ मारताना ती ओठ हलवायची.
इतकी वर्षं मला वाटायचं, धागे मोजते आहे.

अकरा मिनिटांनी वीज आली.
बेडकाने उरलेला डराव पुरा केला.
माणसं हसली, खोकली, एकमेकांना चुकवत उठली.
दाराशी बिल्ल्यांचा गोंधळ झाला, कुणी भांडलं नाही;
लेम्बीने तर जर्मन बाईच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या,
खाली वाकून, स्वतःच्या राहिल्या सुटलेल्या.

फळीवर एक जोड उरला. रबरी.
हाक मारायला बाहेर धावले, तर बसथांब्याच्या दिव्याखालून
एंडेल मोज्यांवरच चाललेला,
पाऊल टेकवण्याआधी जरा थांबत,
जमीन धरेल की नाही हे बघत.

मी हाक मारली नाही.
बूट आत आणले, पालथे घातले.
थोडं काळं पाणी निघालं. ते पुसायचं होतं.
उद्या पुसेन.